फ्रीजमधलं रक्त

रुग्णालयाच्या सभागृहात गोल टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी एक तज्ज्ञ, सहा सामान्य माणसं आणि बिस्किटांची बशी. फलकावर लिहिलं होतं, 'जनुकीय उपचार : चला, मोकळेपणाने बोलू.' मी हातातलं शिवणकाम टाकून मोकळेपणाने बोलायलाच आले होते.

आमच्या टेबलावरचे डॉक्टर फार गोड बोलत होते. तुमचा विश्वास हीच आमची पुंजी, वगैरे. मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा चालता चालता कोसळला. चाळिशीही गाठली नव्हती. हृदय असं का थांबलं ते शोधायला तुम्ही माझ्या मुलीचंही रक्त नेलंत, फ्रीजमध्ये ठेवलंत. काय सापडलं त्यात?"

"ताई, ते संशोधन होतं. एकेकाचा निकाल कळवायचा नाही, असं संमतिपत्रात लिहिलेलं असतं. सही तुम्हीच केली असणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांना जाऊन आठवडा झाला होता. तुमची माणसं बोट ठेवतील तिथे मी सही करत होते. आता शुद्धीवर आहे, आता विचारतेय."

शेजारचे निवृत्त मास्तर पुटपुटले, "बाई, चर्चा सगळ्यांची आहे." मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी गुपचूप बिस्कीट उचललं.

नियम, समिती, अर्ज, तीन महिने. डॉक्टरांनी बरीच सारवासारव केली. मी म्हटलं, "रविवारी तिची शर्यत आहे. धावू देऊ की नको, एवढंच सांगा."

ते माझ्या पदरावरचा नावाचा बिल्ला पुन्हा वाचू लागले. चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या घरचे नमुने मीच तपासले होते. धावू देऊ नका. रविवारीच नाही, आजपासूनच."

नऊ वर्षं या माणसाला माहीत होतं आणि मला नव्हतं. याच नऊ वर्षांत मी तिला हाताला धरून मैदानावर नेलं, बापासारखं होऊ नये, हृदय बळकट व्हावं म्हणून. तोंडात शिव्या आल्या होत्या, पण द्यायला वेळ नव्हता. खुर्ची पाडून मी उठले.

मैदान दोन चौक पुढे होतं. तिचा सराव चालला होता. मी कुंपणाशी उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडले, थांब म्हणून. एवढ्या लांबून तिला ऐकू गेलं नाही, पण तिने मला पाहिलं. तिला वाटलं, आई हुरूप वाढवायला आलीय. ती हसली आणि आणखी जोरात धावू लागली.