मानाच्या खोलीची काच

आमच्या कालोतासेग भागात घराची पत रस्त्याकडच्या खोलीवरून ठरते, आणि गावात माझ्या खोलीला तोड नव्हती, हे माझं तोंड न पाहणारेसुद्धा कबूल करत. मानाची खोली म्हणतात तिला. तिथे कुणी झोपत नाही, जेवत नाही. भिंतभर रंगीत ताटल्या, पलंगावर आढ्यापर्यंत रचलेल्या उश्या आणि प्रत्येक उशीवर माझ्या आईने आणि मी डोळे फोडून घातलेलं लाल भरतकाम. उन्हाने रंग उडू नये म्हणून जाड पडदे कायम ओढलेले. ईस्टरच्या सोमवारी बायकांवर अत्तर शिंपडायला पुरुषमंडळी दारोदार येतात, तेवढ्यापुरती ती पाहुण्यांसाठी उघडायची, की पुन्हा कुलूप. नवरा गेला, दिवस ओढगस्तीचे आले, पण या इल्काने कुणापुढे मान तुकवली नाही, ती या खोलीच्या जोरावर.

त्या वसंतात माझी सून नोएमी सातवा महिना पुरा करत होती. घरात ऊन येतं ते एवढ्याच खोलीत, तेव्हा बाळाचा पाळणा तिथे ठेवू या, असं तिने एकदा जेवताना हळूच काढलं. माझा मुलगा गेर्ग्यो ताटात बघत बसला. मी म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर तिथे लंगोट वाळणार नाहीत." विषय संपला, असं मी धरून चालले.

मग तो थिरथिरा आला. काळसर, तांबड्या शेपटीचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. आमच्या वळचणीला त्याच्या मादीने घरटं केलं होतं आणि हा पहाटेपासून मानाच्या खोलीच्या काचेवर चोच आपटत होता, पडत होता, उठून पुन्हा झेपावत होता.

"आई, आत अंधार आहे ना, म्हणून काचेचा आरसा झालाय," नोएमी म्हणाली. "त्याला वाटतंय, दुसराच कुणी आपली जागा बळकावायला आलाय. बाहेरून साबण फासला तर थांबेल बिचारा."

"ईस्टरच्या तोंडावर माझ्या काचेला साबण? गाव तोंडात शेण घालेल."

"मरेल हो तो."

"मरू दे. निदान जागा सोडून पळाला नाही."

खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटत होतं. साबण फासणं दूरच, मी काच रोज आणखी लखलखीत करत गेले.

सोमवारी सकाळी खोली उघडून केक मांडला, ठेवणीतला काळा झगा घातला आणि शेवटचा हात फिरवायला फडकं घेऊन बाहेर गेले. पडदे अजून ओढलेलेच होते. खिडकीखाली थिरथिरा मरून पडला होता, पाय वर करून. मला वाईट वाटलं. मग मी वर पाहिलं, तर काचेतला थिरथिरा चौकटीवर बसून पिसं साफ करत होता.

उन्हाने डोळे दिपले असतील, म्हणून मी काच पुसायला घेतली. काचेतल्या बाईनेही घेतली. झगा तोच, डोक्यावरच्या रुमालाची गाठ तीच, आणि ताठ मान पाहून मला, काय सांगू, अभिमानच वाटला. मी हात थांबवला. तिने आणखी एक डाग निगुतीने पुसला, फडक्याची घडी केली आणि माझ्याकडे पाठ फिरवून आत गेली.

पडदे आतून सरकले. खोलीभर ऊन पडलं, आणि माझ्या उश्यांसमोर ती नोएमीचा हात धरून उभी होती. गेर्ग्यो पाळणा उचलून आणत होता. कितीतरी वर्षांनी त्याला असं मोकळं हसताना पाहिलं.

"इथे ठेवू ना, आई?" नोएमीने विचारलं.

"ठेव की, पोरी. घर तुझंच आहे," ती म्हणाली. आवाज माझा होता, पण ते शब्द मी जन्मात काढले नव्हते.

मी काचेवर हात आपटला. मग दोन्ही हात. माझं घर आहे, माझ्या बोटांचं काम आहे ते, मी ओरडून सांगत होते. नोएमी खिडकीशी आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि दारात आलेल्या भिकारणीकडे बघावं तशी कळवळली.

"आई, ही कोण हो? हात फोडून घेतेय नुसती."

"बघू नकोस तिकडे," आतून माझाच आवाज आला, अगदी मायेने. "दमेल आपोआप."

मी दमणाऱ्यातली नाही, हे तिला तरी ठाऊक असायला हवं होतं. मी बाह्या सरसावल्या आणि पुन्हा काचेला भिडले.