मुका खोका

टुक्... एवढाच आवाज झाला आणि वजनकाट्याच्या काचेवरचा आकडा विझला. बराच वेळ कुणी काही ठेवलं नाही, उचललं नाही, की हा काटा आपणहून झोपी जातो. घरातला तेवढा एकच शहाणा जीव. काट्यावर टेपचा गोळा होता, नमुन्याच्या खोक्यावरून सोलून चुरगळलेला. आणि वजन टिपून घ्यायचं सोडून ती त्या गोळ्यातून बाहेर आलेल्या एका टोकाकडे बघत बसली होती. टोक साधंच. तुटलेलं, दातेरी. दुमडलेलं नव्हतं.

तो दुमडायचा. टेप लावून झाली की शेवटचं बोटभर टोक आत दुमडून ठेवायचा... टेपला कान ठेवावा म्हणायचा, उघडणाऱ्याला नखानं कोरत बसायला लागू नये. मातीच्या कपाला कान ती लावायची, टेपला कान तो ठेवायचा. आमच्या धंद्याची एवढीच वाटणी, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि आधी स्वतःच हसायचा.

पलीकडच्या देशाचा नियम साधा होता, म्हणजे वाचायला साधा. इथून तिथे वस्तू विकायची, तर तिच्याभोवती जे काही गुंडाळाल — पुठ्ठा, कागद, प्लास्टिक, टेप — त्याचा तिथे कचरा होणार. त्या कचऱ्याची जबाबदारी खोका उघडून फेकणाऱ्याची नाही, पाठवणाऱ्याची. तेव्हा वर्षभरात कशाकशाचं किती वजन पाठवलं ते कळवा, ते उचलण्याचा खर्च भरा, आणि तिथे राहणाऱ्या एका माणसाचं नाव द्या, जो तुमच्या वतीनं जबाबदार राहील. हे सगळं आज संध्याकाळपर्यंत. नाही जमलं तर तिथल्या ऑनलाइन बाजाराच्या पानावरून तिचे कप उतरणार, आणि निम्म्याहून जास्त कप तर तिथेच जात होते. मागच्या खोलीतली भट्टी, पुढच्या खोलीचं भाडं, लेकीची — मुंगीची — शाळा, सगळं त्याच कपांतून पीत होतं.

टाकणाऱ्याला विचारत नाहीत, पाठवणाऱ्याला विचारतात... सकाळपासून ती या वाक्यापाशी येऊन थांबत होती, उंबऱ्याला पाय अडखळावा तशी. कारण पाठवलं तिनंच होतं. तिथला माणूस लागतो, तर परका कशाला, तू जा ना, सहा महिने तर जायचंय, असं तीच म्हणाली होती. बॅग तिनं भरली होती, सदऱ्यांच्या घड्यांत कप बसवून दिले होते नमुन्याला, आणि नवऱ्याची पाठवणी केली बाई मी, असं मैत्रिणींना सांगून हसवलं होतं.

खोका मुका पाहिजे, हे त्याचं दुसरं वाक्य. खोका बांधून झाला की कानाशी धरून हलवायचा, डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तसा. आत काही बोललं, जरा जरी खुट् झालं, की पुन्हा उघडायचा, पुन्हा गुंडाळायचा. त्याच्या हातचा एकही कप कधी फुटला नाही. मुंगी तेव्हा तीन वर्षांची, पुठ्ठ्याचे तुकडे ओढून टेबलाखाली साठवायची म्हणून मुंगी. तिनं ते ऐकलं आणि स्वतःच्या हिशेबानं लावलं. खोक्याला मुका पाहिजे. मग प्रत्येक खोक्याच्या माथ्यावर ती ओठ टेकवायला लागली, आणि दोघांपैकी कुणी तिची चूक सुधारली नाही. वहिनी, मुका झाला का, निघू का, असं खोके न्यायला येणारा माणूससुद्धा दारातून विचारायचा. आणि एकदा ऐकून शेजारीण जी गोरीमोरी झाली होती...

पुढे त्याचे फोनही तसेच व्हायला लागले. मुके. नीट बांधलेले, चारी बाजूंनी भरलेले — हवा कशी आहे, मुंगी काय करते, माल पोचला — हलवून हलवून पाहिलं तरी आत काही वाजेना. आणि मला वाटायचं, वाजत नाही म्हणजे शाबूत आहे. सहा महिन्यांचे किती झाले ते कुणी बोललं नाही. मग एकदा, असाच माल पोचल्याचं सांगताना, इथे एक आहे, असं तो म्हणाला. नवीन दुकानाबद्दल सांगावं तसं. तिला आधी खरंच दुकान वाटलं. तिनं विचारलं, किती कप घेतील...

दुपारी सल्लागार बाईंचा फोन आला. अशा नोंदण्या करून देणं हेच त्यांचं काम. आजवर एकदाही न भेटलेल्या, आवाजावरून पन्नाशीच्या. मागे कीबोर्डची टकटक चालू होती. त्या म्हणाल्या, कप तेच, कपांचा आकडाही जवळपास तोच, मग कागद अन् प्लास्टिक दुप्पट कसं झालं, ताई? तिकडचे लोक विचारणार.

काय सांगायचं. की त्याच्या हातांना कळायचं कुठे थांबायचं ते, आणि मला कळत नाही? एक पदर झाला की वाटतं अजून एक, खोका कानाशी धरला की आत काहीतरी बोलतंयच, मग पुन्हा उघडायचं, पुन्हा गुंडाळायचं, भीती संपेपर्यंत... आणि भीतीचं वजन कुठल्या रकान्यात भरायचं?

“पॅकिंग करणारं माणूस बदललं,” ती म्हणाली. “आधी माझे मिस्टर करायचे. ते... गेले.”

टकटक थांबली.

“अरेरे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली उतरला, कुठल्याशा मावशीचा झाला. “मला माहीतच नव्हतं हो. लहान मूल आहे ना पदरात? स्वतःला सांभाळा. जेवता का वेळेवर?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अजून गरम होता, परत घेता आला असता. पण हे कुणी विचारलंच नव्हतं. जो मरतो त्याच्या घरी लोक येऊन बसतात, डबे आणतात, पाठीवरून हात फिरवतात. जो निघून जातो त्याच्या घरी लोक येतात ते विचारायला, की नक्की झालं काय तुमच्यात, आणि तुला इतके दिवस कळलं नाही? सख्खी बहीणसुद्धा म्हणाली होती, तुझं लक्ष कुठे होतं. जेवतेस का, असं नाही म्हणाली. मी टेकले, खरंच टेकले त्या आवाजाला, उन्हातून आल्यावर गार भिंतीला टेकावं तशी. जेवते, म्हटलं. मुलगीही बरी आहे, म्हटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कपांच्या किंवा कागदाच्या कामाचं नव्हतं, म्हणून येऊ दिलं.

“मग त्यांचं नाव काढणं काही अवघड नाही,” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “त्या जागी आमच्या तिकडच्या संस्थेचं नाव घालू. मृत्यूचा दाखला तेवढा जोडा.”

टेबलाखालून मुंगीचा पाय दिसत होता. पाय हलत नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “तसे नाही गेले. नुसते गेले.”

“नुसते...?” मग टकटक पुन्हा सुरू झाली, आधी सावकाश. “हं. मग त्यांच्या सहीचं पत्र लागेल.”

“आलंय.”

“चला, म्हणजे तसे समजूतदार आहेत.”

फोन ठेवल्यावर तिला हसू आलं, आणि हसू येतंय हे बघून पुन्हा रडू आलं. आता माझं नाव त्यात नको, एवढंच तो मागे फोनवर म्हणाला होता, आणि आठवड्यापूर्वी पाकीट आलं होतं. ते काट्याच्या मागे उभं केलेलं होतं, न उघडता. आत काय आहे ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते बाहेरचं. पाकिटाच्या तोंडावर टेप होती आणि टेपला कान होता. नीट, बोटभर, आत दुमडलेला. तिला नखानं कोरत बसायला लागू नये म्हणून. इतकी काळजी अजून शिल्लक असलेला माणूस...

तिनं कान चिमटीत धरला आणि ओढला. टेप अलगद निघाली, कागदाचा कपचाही न काढता. आत दोन ओळी आणि सही. संगणकावरच्या त्या नोंदणीत तिच्या नावाखाली त्याचं नाव अजून होतं, जबाबदार व्यक्ती. बाकी सगळीकडून, दारावरून, फोनमधून, मुंगीच्या शाळेच्या वहीतून, ते कधीच उतरलं होतं. तिनं ते खोडलं. संस्थेचं नाव घातलं. संस्थेचं नाव खोडलं, पुन्हा घातलं. पाठवा, असं निळ्या चौकोनात लिहिलेलं होतं. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवर आलं होतं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

आधी आजचा खोका बांधून टाकू, असं तिनं ठरवलं. एक पदर कागद. तिचा हात दुसऱ्याकडे गेला, थांबला, मागे आला. खोका मिटून तिनं टेप ओढली — चर्रर्र — तोडली, आणि बोटांनी टोक आत दुमडलं, तिला कळायच्या आत. खोका कानाशी धरून हलवला. आत काही बोललं नाही.

मुंगी टेबलाखालून बाहेर आली, टाचा उंच करून खोक्याच्या माथ्यावर ओठ टेकवले, आणि तिकडे पोचल्यावर याचं काय करतात, असं विचारलं. उत्तर माहीत असलेला प्रश्न कितीतरी दिवसांनी समोर आला होता. तिनं सगळं नीट सांगितलं: कप काढून घेतात, खोका मोडून बाजूला ठेवतात, गाडी येऊन घेऊन जाते, मग तो पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात आणि लगद्याचा नवा खोका.

मुंगी बराच वेळ खोक्यावरचा हात काढेना.

“आणि तो नवा खोका दुसऱ्यांचा होतो?”

“हो. दुसऱ्यांचा होतो.”

“मग आई, मी दिलेला मुका त्याला आठवतो का?”