खेळातून सूट

निरोगी विद्यार्थी ही देशाची खरी संपत्ती आहे, याबद्दल आपल्याकडे कुणाचंही दुमत नाही. म्हणूनच ही संपत्ती आपण दागिन्यांसारखी जपतो. म्हणजे वापरायला काढत नाही, कुलपात ठेवतो.

जयपूरच्या मालवीय नगरात डॉ. चारुलता सबनीसचा लहान मुलांचा दवाखाना होता. मूळची सांगलीची, नवरा श्यामकांत विद्यापीठात शिकवायला आला, त्याच्याबरोबर तीही आली, त्याला अठरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी, मुलगी देवयानी सातवीत असताना, त्यांच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. तुमच्याआमच्या घरात उभा राहतो तोच. शाळेनं आठवड्यातले चार तास खेळाला दिले होते आणि कोचिंगवाल्यांना ते वाया जाताना बघवत नव्हतं. प्रकृतीमुळे ज्यांना खेळातून सूट असेल त्यांनी त्या वेळात ग्रंथालयात बसून कोचिंगचे पेपर सोडवावेत, अशी सोय शाळेनं करून ठेवली होती. सूट मिळायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागे. डॉक्टर घरातच होती.

"दमा लिही," श्यामकांत म्हणाला होता. "दिसतही नाही आणि जातही नाही."

चारुलतानं दमा लिहिला. मग शेजारणीनं विचारलं, मग शेजारणीच्या जावेनं, मग जावेच्या भिशीतल्या बायकांनी. दोन वर्षांत एकतीस मुलं झाली. फी तिनं कुणाकडूनही घेतली नाही. घेवरच्या मिठाईचा डबा मात्र नाकारता आला नाही. शिवाय काम चोख. सगळ्यांना एकच आजार देणं तिच्या बुद्धीला पटेना. तिनं आजार वाटून दिले: कुणाला दमा, कुणाला गुडघा, कुणाला अर्धशिशी. सख्ख्या भावंडांना एकच आजार जाऊ नये, याचीही तिनं काळजी घेतली.

या कार्तिकात दोन गोष्टी एकदम घडल्या. शाळेत आरोग्य सप्ताह ठरला आणि उद्घाटनाच्या भाषणाला चारुलताला बोलावणं आलं. आणि त्याच दिवशी जेवताना देवयानी, आता नववीत, म्हणाली, "आई, मला रेसमध्ये नाव द्यायचंय. आठशे मीटर."

"आणि कोचिंग?"

"मतलब, मला खरंच पळायचंय गं. फडतरे सर म्हणतात, कागदावर तुला दमा आहे, तुला घेता येत नाही. शनिवारी सिलेक्शन आहे. तू सांग ना त्यांना, झूठ होतं म्हणून."

श्यामकांतनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"बघू," चारुलता म्हणाली. आईबाप जेव्हा काहीच बघणार नसतात तेव्हा हा शब्द वापरतात.

उद्घाटन थाटात झालं. बसून राहण्याचे दुष्परिणाम मुलांनी चाळीस मिनिटं बसून ऐकले. नंतर प्रत्येकाला वेफर्सचं पाकीट मिळालं आणि पाहुणीला कचोरी. "डॉक्टरसाहिबा, आपने तो हमारी आँखें खोल दीं," असं म्हणून प्राचार्य द्वारकाप्रसादजी पुढच्या मीटिंगला गेले.

चारुलता जिन्याकडे वळली तर खाली सर्जेराव फडतरे उभे. साताऱ्याकडचा माणूस, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला तो इथल्याच छावणीतून, आणि मग इथंच खेळाचा मास्तर झाला.

"या डॉक्टरीणबाई. तुमचं पेशंट दाखवतो."

त्यांनी तिला आधी ग्रंथालयाच्या दारात नेलं. आत मान खाली घातलेली पोरंच पोरं. मग मैदानावर नेलं. तिथं चार मुलं एका चेंडूमागे धावत होती.

"एवढीच?"

"एक शिपायाची पोरगी. दोन भाजीवाल्याची. चौथा नवीन आलाय, त्याला अजून डॉक्टर घावला न्हाई."

"टोमणा कळला मला, मास्तर."

"टोमणा न्हाई, हजेरी सांगतोय. फौजंत आजाराचं सोंग घेणारा गडी आम्ही धा पावलांवरनं वळखायचो. हितं सोंग आईबाप घेत्यात अन् सही डॉक्टरची. मी धरू कुणाला?"

"हे बघा, दिवस स्पर्धेचे आहेत. एका तासानं काय होतंय?"

"स्पर्धाच की! बसायची." मास्तरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पोरगं सा तास शाळंत बसतंय. गाडीत बसून कचोरी खातंय. चार तास कोचिंगला बसतंय. घरी जाऊन पुन्यांदा अभ्यासाला बसतंय. अवो, अंड्यावरची कोंबडीसुदीक दाणं टिपायला मधनं उठती!"

चारुलताला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. "बरं. देवयानीला काही झालेलं नाही. मी तसं लिहून देते. घ्या तिचं नाव."

"लिवायचं ऱ्हाऊ द्या. आत्ताच बघू की." मास्तरांनी ग्रंथालयाकडे बघून हाक मारली.

देवयानी धावतच आली. तिथून मैदानाला एक फेरी मारायची होती, फक्त एक. पहिली शंभर पावलं ती अशी पळाली की चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं. कडुनिंबापाशी ती मंदावली. व्हॉलीबॉलच्या खांबापाशी तिनं कुशी धरली आणि मग ती मातीत बसलीच.

चारुलता तिच्यापाशी पोचली तेव्हा तिलाही धाप लागली होती. तिनं मुलीची नाडी धरली, छातीला कान लावला, पापणी खाली ओढली. दम्याचा मागमूस नव्हता. पापणी आतून पांढुरकी होती. नाडी मंदावायला तयार नव्हती. ही पोर नुसती अशक्त होती: कमी रक्ताची, बसून बसून लोळागोळा झालेली, गाडीतल्या कचोरीवर पोसलेली.

"आई," देवयानीनं श्वास मिळेल तसं विचारलं, "मला खरंच दमा आहे का?"

"नाही गं."

"तू लिहिलंयस ना. मग असेल."

दोन वर्षं! दोन वर्षं हे लेकरू रोज समोर वावरत होतं, आणि मुलांच्या डॉक्टरनं त्याची पापणी एकदाही उलटून पाहिली नव्हती! पाहणार कशाला? निदान कागदावर होऊन गेलं होतं!

त्या संध्याकाळी चारुलता प्राचार्यांना पत्र लिहायला बसली. माझी एकतीसच्या एकतीस सर्टिफिकेटं खोटी होती, ती मी मागे घेत आहे.

श्यामकांतनं खांद्यावरून वाचलं. "कळतंय ना काय लिहितेयस? मेडिकल कौन्सिलला कुणी कळवलं तर दवाखान्याला कुलूप."

"कळतंय."

"निदान आपल्या देवयानीपुरतंच लिही."

"का? बाकीची तीस उसनी आणलीत?"

मग तिनं घरोघर फोन केले. कुणी म्हणालं, दहावी तोंडावर आलीय, आत्ताच कसं सुचलं? कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अर्धशिशीवाल्या सोनलच्या मम्मी तेवढ्या गोड बोलल्या: "कोई बात नहीं, डॉक्टरसाहब. बनी पार्क में एक और हैं, वो दे देते हैं."

द्वारकाप्रसादजींनी पत्र दोनदा वाचलं. चारुलता शिक्षेच्या तयारीनं उभी होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तिचे मनापासून आभार मानले. पत्रातला आकडा त्याच दिवशी अहवालात गेला: आरोग्य सप्ताहात एकतीस विद्यार्थी पूर्ण बरे झाले. कौन्सिलला कुणी काही कळवलं नाही. एवढी चांगली बातमी बिघडवणार कोण?

शनिवारच्या निवडीत देवयानी नव्हती. मास्तर म्हणाले, "रेस ऱ्हाऊ द्या. खेळाच्या तासाला फकस्त एक फेरी चालू द्या. घरचं ताजं खाऊ द्या, भाजीभाकरी, गूळशेंगदाणं. वर्सानं पळंल." चारुलतानं डबा बदलला, कोचिंगचे दोन दिवस कमी केले आणि दवाखान्याच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली: खेळातून सूट इथं मिळणार नाही.

नागरिकहो, या गोष्टीचा बोध उघड आहे. मुलाला अभ्यासाइतकाच घाम लागतो, साधं ताजं अन्न लागतं आणि पाय आपटायला जमीन लागते. ज्या सहीनं आपण त्याचा वेळ वाचवतो, म्हणजे खेळ बुडवतो, ती सही त्याच्या अंगावर उमटते. पेपर पुढल्या वर्षी पुन्हा देता येतो. चौदावं वर्ष पुन्हा येत नाही. हे आपण शाळेला सांगितलं पाहिजे, आणि त्याआधी स्वतःला.

मंगळवारी देवयानी बूट घालून मैदानावर गेली. तिथं लग्नाचा मांडव पडला होता. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून शाळेनं मैदान लग्नांना भाड्यानं दिलेलं होतं. मांडव फेब्रुवारीत निघणार होता. खेळाचा तास ग्रंथालयात झाला.