डाव्या काचेवरची पट्टी

चष्म्याच्या डाव्या काचेवरची पांढरी पट्टी एका कडेने सुटली होती, आणि फान काका बोलत असताना हेस्टर ती नखाने उचलत होती, पुन्हा दाबत होती... काकांच्या बंदुकांच्या वर्कशॉपमध्ये तेलाचा, अक्रोडाच्या भुशाचा, उकळून कडू झालेल्या कॉफीचा वास — आणि समोर बाकावर ती रायफल. उजव्या हाताची, तयार, देखणी. नऊशे मीटरवरच्या नेमबाजीसाठी. सहा वर्षं नवऱ्याच्या रायफलीवर काढल्यानंतरची तिची पहिली स्वतःची.

"डोळे मिटून घेऊन टाक ही," फान काका म्हणाले. "एप्रिलला ब्लूमफोंटेनच्या स्पर्धेत हीच ने. मग म्हणशील, काका सांगत होते."

"दोन तास झाले, काका," कोबस, तिचा नवरा, कॉफीत रस्क बुडवत म्हणाला. "मी अख्खा ट्रॅक्टर याच्यापेक्षा लवकर घेतला."

तिला हसू आलं नाही. राग येत होता, नुसता राग. तिने एवढंच विचारलं होतं, डावरी मिळेल का? काकांनी भिंतीवरचा डावऱ्यांसाठीचा नुसता लाकडी दस्ता दाखवला होता. बाकीचा भाग परदेशातून यायला चौदा महिने. आणि चौदा महिन्यांनी काय? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा — डावा खांदा, डावं बोट — आणि फ्री स्टेट प्रांताच्या संघातली जागा, जी यंदाच कुठे मिळाली होती, ती गेलीच म्हणायची.

बारा वर्षांची होती ती. शेतातल्या वारुळावर पांनी, तिच्या वडिलांनी, सिरपचा रिकामा डबा ठेवला होता, आणि ती आपसूक डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन लवंडली होती... "घरात बंदूक एकच आहे, पोरी, आणि ती उजव्या हाताची आहे," पा म्हणाले, आणि खिशातून चिकटपट्टी काढून त्यांनी तिच्या डाव्या काचेवर लावली. चांगला डोळा झाकला. त्या दिवसापासून, तिच्या मनात आलं, मी माझ्या कमी दिसणाऱ्या डोळ्याने नेम धरतेय, आणि लोक म्हणतात, काय चिकाटी आहे हिची!

"आडवी होऊन तर बघ," काका म्हणाले.

ती चटईवर पालथी झाली. गाल दस्त्यावर टेकला — आणि नेमका बसला. हेच तर चीड आणणारं होतं. उघड्या दारातून, रस्त्यापलीकडे, धान्याच्या कोठारावरचा आकडा उजव्या डोळ्याला थरथरता दिसत होता. तीन की आठ, कळेना. तिने पट्टी ओढली. टरकन निघाली. आणि डाव्या डोळ्यासमोर तो आकडा, त्याच्या शेजारची शिडी, शिडीची एकेक पायरी... आठ. अर्थातच आठ.

"मग, हीच ना?" काकांनी विचारलं.

पांना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं, दर जानेवारीत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नवी पट्टी कापायची, कडा नखाने दाबायच्या — ते कोण करत होतं? पट्टी लाव असं कोबसने कधी सांगितलं नव्हतं. काकांनीही नाही.

"हेस्टर? अगं, काका विचारतायत."

"ऐकलं मी," ती म्हणाली, पण उठली नाही. राग होता तेवढाच होता. फक्त तो आता कोणावर काढायचा, ते तिला समजेना. पट्टी बोटाला चिकटून बसली होती, आणि झटकली तरी निघत नव्हती.