नाडीला बांधलेला बूट

मुलीच्या तोंडाशी चमचा धरून, फोन खांद्यानं कानाशी दाबून ती बोलत होती, तेव्हाच नणंदेनं ते सांगितलं होतं. नणंद वर्तमानपत्रात बातम्या तपासायच्या कामाला.

"अगं, बातमी दोन ठिकाणी आली म्हणून खरी होत नाही. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलंय का, ते बघावं."

"ताई, दूध उतू गेलं तरी तुम्ही दोन साक्षीदार मागाल," असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आज संध्याकाळी मात्र दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासून झाली होती. मुलगी फरशीवर ठोकळे रचत होती आणि ठोकळा पडला की ही दाराकडे बघत होती.

सकाळी आयांच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. कुठेतरी मुलं पळवणारी बाई पकडली म्हणे. फोटो धूसर, खाली ना गावाचं नाव, ना बातमीदाराचं. शिकल्यासवरल्या बाईला एवढं दिसायला हवं होतं, आणि दिसलंही. पण मांडीवर मूल असलं की डोळे भलतंच शोधतात. तिनं लगेच लिहून टाकलं: आपल्या बागेच्या फाटकाशीही एक बाई बसते, मुलांना नावानं हाका मारते, तिच्या पिशवीच्या नाडीला एक इवलासा बूट बांधलेला असतो.

ती बाई खेळणी दुरुस्त करायची. बूट बाहुलीचा होता. तेवढं लिहायचं राहिलं. लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

दुपारभर ग्रुप उकळत राहिला. कुणी म्हणे मीही पाहिलंय, कुणी म्हणे माझ्या जावेनं. एका आजींनी तर ती बाई आपल्याकडे बघून हसल्याचं कळवलं, जणू तोही पुरावाच. अंधारायच्या आधी नवरा चपला घालता घालता म्हणाला, की खालची मंडळी बागेकडे निघालीत, मीही जाऊन येतो.

"जाऊन करणार काय?"

"काही नाही गं. विचारायचं फक्त."

त्याचे हात रिकामे होते. मागून जिना उतरणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात काठी होती.

मनाची समजूत पटावी म्हणून तिनं फोनवर शोधाशोध केली. बातमी सापडली, एका बातम्यांच्या पानावर, ठळक मथळ्यात. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण उगाच घाबरलो नव्हतो. मग ती मजकूर वाचू लागली. संशयित महिला बागेच्या फाटकाशी बसते. मुलांना नावानं हाका मारते. तिच्या पिशवीच्या नाडीला एका बालकाचा इवलासा बूट बांधलेला असतो, असं प्रत्यक्षदर्शी मातेनं सांगितलं.

इवलासा. बातमीत असा शब्द कुणी लिहीत नाही.

प्रत्यक्षदर्शी माता एकच होती, आणि ती ओट्याला टेकून उभी होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. खिडकीतून बाग दिसत नव्हती, त्या दिशेनं भराभर जाणारी माणसं तेवढी दिसत होती. मुलीला कडेवर घेऊन धावावं, तर त्या गर्दीत तिला न्यायचं कसं?

ती ग्रुपवर लिहू लागली. त्या खेळणीवाल्या बाईंची बागेमागच्या लॉन्ड्रीवरची खोली, इथपर्यंत लिहिलं आणि अंगठा थबकला. काठीवाल्याची बायको याच ग्रुपवर होती. पत्ता तिनं अक्षर अक्षर पुसला.

"त्या मुलं पळवत नाहीत. खेळणी दुरुस्त करतात. माझ्या मुलीच्या हत्तीचा कान त्यांनीच शिवलाय. बूट बाहुलीचा आहे. मला माहीत होतं, मी लिहिलं नाही. बातमीतली आई मीच आहे, दुसऱ्या कुणी काही पाहिलेलं नाही. आपापल्या माणसांना फोन करून परत बोलवा. त्या कुठे राहतात ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी त्यांच्या घरी जाऊन खेळणी आणलीत, त्यांना ते ठाऊक आहे. तुमच्यापैकी हे जी कुणी वाचत असेल, तिनं आत्ताच जावं. त्या सुखरूप घरी पोचल्यात का, एवढं बघा. आणि दार हळू वाजवा."