एकोणपन्नास सेकंद

लीलाधर सरांनी सगळ्या वर्गादेखत बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर मयुरीच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली: नक्कल. एकेक अक्षर भोपळ्याएवढं.

"बारा गणितं, एकोणपन्नास सेकंद!" सर म्हणाले. "एवढ्या वेळात मला माझा चष्मा सापडत नाही. कोणाचं पाहून उतरवलंस?"

पोरं खिदळली. मयुरी उभी राहिली. हातातला टॅबलेट तिनं बाकावर पालथा ठेवला.

"मी केली, सर."

"केली म्हणे! गणितं आहेत ती, पापड नाहीत भाजायला."

भडगावच्या त्या शाळेत यंदापासून गणिताची परीक्षा टॅबलेटवर आली होती. पोरानं उत्तर दाबलं की यंत्र तपासून मोकळं. नक्कल झाली असं मात्र यंत्र कधी म्हणत नसे, ते फक्त शंका घेई. मग सरांपुढे दोन बटणं येत: 'विद्यार्थ्याशी बोला' आणि 'नक्कल मान्य'. पहिलं दाबलं की दोन पानांचा फॉर्म भरावा लागे. सरांनी दुसरं दाबलं होतं. जळगावच्या गणित शिबिरासाठी तालुक्यातून पाच मुलं निवडायची होती. सकाळपर्यंत मयुरीचं नाव त्यात पहिलं होतं.

आता सरांची एक कथा सांगायलाच हवी, कारण ती ऐकली नाही असा माणूस तालुक्यात नाही. सर पाचोऱ्याला शिकत होते तेव्हाची. गुरुजींचं गणित सांगून व्हायच्या आत यांचं उत्तर तयार असे. दर वर्षी त्या कथेला नवी शेपटी फुटायची. यंदाची शेपटी अशी, की एकदा गुरुजी वर्गात शिरण्याआधीच सरांनी उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं, गुरुजींना फक्त त्याला साजेसं गणित शोधावं लागलं. पोरं हसून लोळायची. मयुरी तेवढी हसायची नाही. पहिल्या बाकावर बसून ती सगळं खरं धरून ऐकायची.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप उखर्डू शाळेत आला. केळीच्या मळ्यांत घड तोलणारा हा माणूस. चपला दाराबाहेर काढून तो टेबलापुढे उभा राहिला, मागे मयुरी.

"सर, मन्ही पोर चुकनी व्हई ते तिले मारा. पन नाव कापू नका."

"मी कापलं नाही, उखर्डूभाऊ. यंत्रानं पकडलं."

"हाव." उखर्डूनं मान हलवली. "यंत्र कसाले खोटं बोलीन? पन ती म्हनस, मीच करं."

सरांना वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू. त्यांनी खुर्ची मागे रेलली.

"चारशे पंचवीस. शेकडा आठ वजा कर."

"तीनशे एक्क्याण्णव," मयुरी म्हणाली.

सरांचा हात मोबाईलकडे गेला. आकडे दाबले. तीनशे एक्क्याण्णवच. मान वर केली, तर उखर्डूचे ओठही तोच आकडा पुटपुटून मिटत होते.

"घडना दांडानं वजन शेकडा आठ काढनं पडस," तो ओशाळून म्हणाला. "ऐतवारले ही मन्हासंगे काटावर बसस. आकडा तीच हाकारस. खांदावर घड लिसन माणूस उभा ऱ्हास, सर. त्याले थांबाडता येत नही."

सरांनी मोबाईल टेबलावर ठेवला. पालथा.

पाचोऱ्याच्या शाळेत गुरुजी गणित सांगायचे तेव्हा शेजाऱ्याच्या पाटीकडे मान कोणाची वळायची, हे पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. इतका वेग खरोखर कोणाचा असू शकतो, हे सगळ्या जगात त्यांनाच पटण्यासारखं नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले. "वर कळवतो."

मुख्याध्यापिका कुसुमलता मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "मुलीला न विचारता मी बटण दाबलं, एवढं लिहा. एका ओळीचं काम आहे."

सरांनी कागद घरी नेला. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. चौथ्यांदा अक्षर सुरेख आलं: 'तांत्रिक बिघाडामुळे सदर विद्यार्थिनीच्या निकालात चूक झाली आहे.' मॅडमनी वाचलं, सरांकडे पाहिलं आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'यंत्रात बिघाड आढळला नाही. निर्णय शिक्षकांनी नोंदवलेला आहे. विनंती अमान्य.' त्याच दिवशी यादी बंद झाली. सोमवारी पाच मुलं जळगावला गेली. मयुरी त्यांच्यात नव्हती. उखर्डूनं मात्र घरच्या केळीची फणी शाळेत पाठवली. सरांनी खूप धावपळ केली, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. ती फणी शिक्षकांच्या खोलीत काळी पडेपर्यंत तशीच राहिली. सर जाता-येता ती टाळून भिंतीच्या बाजूनं जायचे.

पुढच्या परीक्षेला पुन्हा बाराच गणितं. अर्ध्या तासात वर्ग रिकामा झाला. पहिल्या बाकावर मयुरी एकटी उरली. टॅबलेट समोर, बोट वर उचललेलं, नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर.

सर जवळ गेले. वहीच्या कच्च्या पानावर बाराही उत्तरं एकाखाली एक लिहिलेली होती. पान कधीचंच भरून झालेलं, शाई वाळलेली.

"अडलंय काही?"

"नही, सर."

"मग दाबत का नाहीस?"

तिनं घड्याळावरची नजर काढली नाही. "एका गणितले तीन मिनटं लावस मी आते. मंग लाल येत नही." मग तिनं त्यांना धीर दिला, "वीसच सेकंद बाकी शेत, सर."

सर बाकाला धरून उभे राहिले. बाहेरून पोरं ओरडत होती, "सर, पाचोऱ्याची गोष्ट सांगा ना!"

मयुरीचं बोट खाली आलं. पडदा हिरवा झाला. त्यावर लिहिलं होतं: 'छान! प्रामाणिक प्रयत्न.'

तिनं टॅबलेट वळवून त्यांना दाखवला.