गुणाचं मशीन

शिवऱ्याच्या पुढे महामार्गालगतचा एक कागद कारखाना दोन गॅस टर्बाइनच्या विजेवर चालतो. दोन्ही मशीन एकाच मापाची, तरी उन्हाळा लागल्यापासून दोन नंबरच्या एक्झॉस्टचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचं, तापमान एक नंबरपेक्षा तीसेक अंशांनी जास्त दिसत होतं. दोन नंबर बिघडलंय, असं जो तो म्हणू लागला.

ते मशीन उघडून पुन्हा जुळवलं होतं मितालीनं. भोरहून रोज येणारी ही इंजिनिअर कामाला चोख होती, पण आता तिच्याकडे बघून लोक बोलता बोलता थांबत.

"दोन नंबर परत उघडू," व्यवस्थापक उपेंद्र म्हणाले. "एक नंबर भरवशाचं आहे, ते चालू ठेवू."

"लई गुणाचं हाय ते," सोमनाथ म्हणाले. आंबवड्याचे सोमनाथ कारखाना उभा राहिल्यापासून टर्बाइनवर होते. "दुपारच्याला दोन नंबर दमतं, ह्ये न्हाई दमत. सवाई वीज देतं."

मितालीला तेच खटकलं. कडक उन्हात हवा विरळ होते, टर्बाइन जरा दमतंच, मग हे एकटंच का दमत नाही?

तिनं दोन्ही मशीनवर सारखा भार ठेवून पाहिला. गॅस सारखाच लागत होता, हवेचा दाबही सारखा. म्हणजे बाहेर पडणारी उष्णताही सारखीच हवी. चुकतंय ते मोजमाप, असं धरून तिनं तापमान मोजणारी थर्मोकपलं या मशीनची त्या मशीनला लावली. फरक तसाच राहिला.

"मंजी मशीनमधीच हाय," सोमनाथ म्हणाले.

आपणच जुळवताना काही चुकलो की काय, हा विचार घरी जेवतानाही मितालीच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकर आली. मशीन नुकतीच सुरू झाली होती आणि फरक अगदी थोडा होता. टर्बाइनचा परिसर तापत गेला तसा तो वाढत गेला. तिनं हातातलं मीटर घेतलं आणि एक नंबरजवळच्या वायरींच्या पेटीत थेट थर्मोकपलला लावलं. आकडा दोन नंबरइतकाच आला.

"काका, इथं बरोबर दिसतंय," तिनं सोमनाथांना दाखवलं. "कंट्रोल रूममध्ये पोचेपर्यंत कमी होतंय."

दोघांनी केबलचा माग काढला. पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटीपासून पुढे वेगळ्या रंगाची वायर निघाली. उंदरांनी कुरतडली म्हणून कुणीतरी बदललेली, साधी तांब्याची. थर्मोकपलला त्याच्याच जातीची वायर लागते. साधी वायर जोडली की पेटीभोवतालची उष्णता हिशेबातून गळते आणि आकडा कमी दिसतो. तो खोटा आकडा बघून कंट्रोल यंत्रणा दुपारी पूर्ण भारावर एक नंबरला जास्त गॅस देत होती. म्हणून ते दुपारी दमत नव्हतं.

सोमनाथ वायर हातात धरून उभे राहिले. "मंजी ह्याला आमी मरंस्तवर पळवलं."

"एक नंबर बंद करायला हवं," मितालीनं उपेंद्रना सांगितलं. "आत पाती भाजली असतील."

उपेंद्रनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मालाचे ट्रक उभे आहेत. आणि दोन नंबर तुम्ही जुळवलंय, म्हणून विचारतो. स्वतःचं काम राखायला बघताय का?"

तिचे कान तापले. हे कुणीतरी म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. "तसं वाटणारच, सर. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. कॅमेरा आत घालून तुम्हीच बघा."

उपेंद्र सोमनाथांकडे वळले.

"बंद करा, साहेब," सोमनाथ म्हणाले. "वायर म्या बघितली."

मशीन थंड झाल्यावर बारीक नळीचा कॅमेरा आत सरकवला. पहिल्या रांगेतल्या पात्यांच्या कडा करपल्या होत्या आणि एकाला बुडाशी चीर गेली होती. पडदा बघून उपेंद्रनी फोन काढला आणि कागदाची एक लाइन बंद ठेवायला सांगितली.

मिताली हातमोजे काढत होती. तिला सुटल्यासारखं वाटत होतं, तरी नजर पुन्हा पुन्हा पडद्यावरच्या त्या चिरेकडे जात होती.

"अजून किती चाललं असतं हे?" सोमनाथांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका."

त्यांनी मान हलवली. "आता दोन नंबरची वायर बी बघू. आपलं म्हणून सोडायचं न्हाई."

दोघं ट्रेचं झाकण काढायला निघाले.